मिठाआधीचं ताट

मी सर्वांत जास्त ऋणी आहे तो हिलाल आप्पांचा. ते सुरतेत ट्रक चालवायचे. आईवडिलांचे आणि शाळेतल्या गुरुजींचे उपकार आहेतच, पण ते सांगायला मला शब्द सापडतात. आप्पांविषयी बोलायला बसलो की आधी वास येतो. तापलेल्या तव्याचा, हिरव्या लसणाचा आणि थोडा रॉकेलचा.

मी १९९५ साली बी.ए. झालो. आमच्या घरातला पहिला पदवीधर. वडील साक्रीकडच्या एका गावात पिठाच्या गिरणीवर कामाला होते. निकाल लागला त्या दिवशी त्यांनी अंगावरचं पीठ न झटकताच गावभर पेढे वाटले. पदवीला गावात काम नव्हतं, म्हणून ओळखीने सुरतेला आलो आणि एका ट्रान्सपोर्टच्या कचेरीत बुकिंग क्लार्क झालो. साड्यांच्या गाठी आल्या की बिल्टी म्हणजे मालाची पावती फाडायची, गाडी भरली की कागद ड्रायव्हरच्या हातात द्यायचे, असं ते काम. राहायला उधन्यात एक खोली होती, तिच्यात लूमवर काम करणारे गावाकडचेच लोक. जेवण खानावळीत. तिथल्या डाळीत सोडा असायचा की आणखी काही, देव जाणे, पण पावसाळा संपेपर्यंत माझं पोट पार बिघडलं होतं. दुपारी मी चहात बिस्किटं बुडवून खायचो आणि गावी परत जायचा विचार करायचो.

अशाच एका दुपारी यार्डात उभ्या असलेल्या ट्रकच्या पलीकडून आवाज आला.

"बी.ए., जेवण झाय का?"

मी म्हणालो, "झालं."

"काय खादं?"

"चहा-बिस्कीट."

"मंग जेवण झाय असं कसं म्हनस? आठे बठ."

आप्पा अहिराणीच बोलत. सुरतेत त्यांची निम्मी हयात गेली होती, गुजरातीही त्यांना चांगली येई, पण खाण्याबद्दल बोलायचं तर अहिराणीच. मी वळसा घालून पाहिलं. मागच्या चाकाच्या आडोशाला सतरंजीची घडी, तिच्यावर मांडी घालून बसलेला, पांढऱ्या मिशांचा, रुंद हातांचा माणूस. समोर पंप मारायचा पितळी स्टोव्ह. परातीत ज्वारीचं पीठ. तव्यावर भाकरी पडली होती आणि ती अशी फुगली होती की मला घरची चूल आठवली. बाजूला भाजलेल्या वांग्याचं भरीत. मी जेवलो. त्या जेवणानंतर कितीतरी दिवसांनी पहिल्यांदा माझं पोट दुखलं नाही.

"ढाब्यावर का जेवत नाही तुम्ही?" मी विचारलं. बाकी सगळे ड्रायव्हर ढाब्यावरच जेवत.

"गाडीमां डिझेल कोन भरस?" आप्पा म्हणाले. "मीच ना? गाडीले मी दुसरानं डिझेल पाजत नही. मंग माले कसाले पाजू?"

ट्रकच्या पोटाखाली, जिथे इतरांचा फक्त हत्यारांचा डबा असतो, तिथे आप्पांनी दुसरा एक लाकडी पेटारा बसवून घेतला होता. त्यात त्यांचं सगळं स्वयंपाकघर मावे. आत खाचा पाडलेल्या होत्या आणि प्रत्येक डबा आपापल्या खाचेत घट्ट बसलेला असे. कोंडाईबारीच्या घाटात गाडी कितीही हलली तरी हळदीचा कण मिरचीत जायचा नाही. ट्रकच्या मागे इतरांनी शेर लिहिलेले असत. आप्पांच्या गाडीवर फक्त नंबर होता. पण आरशाच्या लोखंडी दांड्याला कायम एक ओलं फडकं बांधलेलं असे. त्यात मटकी. सुरतेत भिजवायची, फडक्यात बांधायची, आणि वाऱ्यावर झोके खात खात धुळ्यापर्यंत तिला मोड यायचे. यार्डात लांबून गाडी येताना दिसली की लोक नंबर वाचत नसत. फडकं पाहूनच म्हणत, आप्पा आले.

त्यांचा क्लीनर मगनभाई. सोनगडकडचा, आणि वयाने आप्पांपेक्षा मोठा. क्लीनर ड्रायव्हरपेक्षा मोठा ही आमच्या यार्डातली एक गंमतच होती. कोणी त्यावरून बोललं की मगनभाई म्हणे, "मने डायवर थवुं ज नथी. डायवर थाउं तो आप्पा मने रांधीने खवडावे?" ड्रायव्हर झालो तर आप्पा मला रांधून घालतील का, हा त्याचा प्रश्न बिनतोड होता.

कागदांच्या कामासाठी मला अधूनमधून नवापूरच्या नाक्यापर्यंत त्यांच्या गाडीने जावं लागे. त्या फेऱ्यांत मी जे पाहिलं त्याने थक्क झालो. आप्पा गाडी सावली बघून लावत नसत, वारा बघून लावत. स्टोव्हची ज्योत हलली की भाकरी एका अंगाने कच्ची राहते. डाळीसाठी पाणी ते बारडोलीला भरून घेत, कारण पुढच्या एका गावच्या विहिरीच्या पाण्यात डाळ कितीही उकळली तरी शिजत नाही हे त्यांना ठाऊक होतं. पण सर्वांत नवल दह्याचं. चालत्या गाडीत दही लागत नाही, हलून फुटतं. म्हणून आप्पा दही लावत ते चलथाणला. साड्यांचा माल नसला की गाडी साखर न्यायची, आणि तिथल्या साखर कारखान्यावर साखर भरायला ट्रकांची मोठी रांग असे. इंजिन बंद करायचं, केबिनमधलं इंजिनाचं झाकण अजून ऊन असतं, त्यावर घोंगडीची चुंबळ, चुंबळीत विरजणाचं भांडं. रांगेतले बाकीचे ड्रायव्हर शिव्या देत बसत. आप्पा मात्र रांग पुढे सरकली नाही की खूश.

"हाली नको," ते मगनभाईला दटावत. "दार आपटू नको. दही झोपेल शे."

स्वयंपाक करताना ते कधीच चव घेत नसत. पहिला घास वाटेचा. भाकरीचा तुकडा आणि त्यावर थोडी भाजी, चाकाशेजारी मातीवर ठेवायची आणि हात जोडायचे. ज्या रस्त्यावर आपण जगतो त्याला उष्टं कसं द्यायचं, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे मिठाचा अंदाज सगळा हातात. चिमूट पातेल्यावर धरून ते क्षणभर थांबत, जणू भाजीला विचारत आहेत, मग सोडत. मी कधी त्यांचं मीठ चुकलेलं पाहिलं नाही.

आणि त्यांच्यावर संकट आलं तेही मिठाचंच.

पुढच्या वर्षी पावसाळ्याच्या अखेरीस केबिनमधून उतरताना आप्पांना चक्कर आली. मगनभाईने धरलं म्हणून पडले नाहीत. आमच्या ट्रान्सपोर्टच्या मालकाने, शेठने, ते कचेरीच्या खिडकीतून पाहिलं. शेठ वाईट माणूस नव्हता. त्याने आप्पांना डॉक्टरांकडे पाठवलं. रक्तदाब खूप वाढलेला निघाला. डॉक्टर गुजराती, अगदी सज्जन. गोळ्या लिहून दिल्या आणि पेशंट परप्रांताचा दिसतो म्हणून मुद्दाम हिंदीत सांगितलं, "देखो काका, मीठा एकदम बंद."

आप्पांना मोठं हायसं वाटलं. मीठा बंद म्हणजे गोड बंद. गोडाचं वेड त्यांना तसंही फारसं नव्हतं. त्यांनी चहातली साखर सोडली, भाकरीबरोबरचा गूळ सोडला, चलथाणला कारखान्यातला ओळखीचा माणूस मूठभर साखर हातावर ठेवायचा तीही नाकारली. दिवाळीत घरी गेले तर करंजीला हात लावला नाही. बायकोने डोळ्यांत पाणी आणलं तरी नाही.

दिवाळीनंतर पुन्हा तपासायचं होतं. शेठने मला बरोबर पाठवलं. डॉक्टरांनी पट्टा गुंडाळला, फुगा दाबला, भुवया वर केल्या. दाब तितकाच होता.

"काका, मीठा छोड दिया था?"

"छोड दिया साहेब. चाय भी फीकी पीता हूँ."

डॉक्टर गोंधळले. "चाय में मीठा कौन डालता है?"

आता आप्पा गोंधळले. माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "आरे, हाऊ डाक्टर चहामां काय टाकस?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गुजरातीत मिठाला मीठुं म्हणतात. डॉक्टरांनी त्याचंच हिंदी केलं होतं, मीठा. ते गुजरातीत बोलले असते तर आप्पांना पहिल्याच दिवशी कळलं असतं. आप्पांचा मान राखायला ते हिंदीत बोलले आणि घोटाळा झाला. मी विचारलं, "साहेब, मीठा मतलब नमक?"

"हां तो! मीठा. नमक."

डॉक्टर हसायला लागले. मीही हसलो. आप्पा हसले नाहीत. ते आपल्या उजव्या हाताच्या चिमटीकडे बघत होते.

बाहेर आल्यावर पायरीवर बसले. मग म्हणाले, "गोड म्हनतस ते सोडानं सोपं व्हतं रे."

शेठने डॉक्टरांची चिठ्ठी वाचली. म्हणाला, "आप्पा, होळी सुधी जोउं छुं. पछी तमे गेट पर बेसो." होळीपर्यंत वाट पाहतो, नाहीतर फाटकावर बसा. यार्डाच्या फाटकावरच्या राखणदाराची जागा रिकामी होणार होती. शेठच्या दृष्टीने ती सवलतच होती, बसून काम. पण फाटकावर स्टोव्ह पेटवायची मनाई होती, राखणदाराला घरून डबा येई. आप्पांची बायको गावी, शेतीवर. घरी गेले की चूल तिची, आप्पांना ती पाटावरून उठू द्यायची नाही. त्यांचं स्वयंपाकघर ट्रकच्या पोटाखालीच होतं. गाडी गेली तर तेही जाणार होतं.

ड्रायव्हर मंडळींत लगेच बोलाबोली सुरू झाली. राजस्थानचा बनवारी नावाचा एक ड्रायव्हर होता, आप्पांच्या हातचं कितीदा जेवलेला. तो म्हणाला, "आप्पा, बिना नमक का खाना तो अस्पताल का खाना है. तुमसे नहीं होगा." मगनभाई म्हणाला, "तमारा भागनुं मीठुं मने आपी देजो." तुमच्या वाट्याचं मीठ मला द्या.

दुसऱ्या दिवशी आप्पांनी मला हाक मारली. भाजी शिजली होती. मला ते आता थोडंफार रांधायला शिकवत होते, माझ्या खोलीसाठी स्टोव्हही त्यांनीच निवडून दिला होता. म्हणाले, "पहिले मनं काढी ले. मंग मीठ टाकसू."

मी त्यांच्या ताटलीत त्यांची भाजी काढली. मग उरलेल्या भाजीवर त्यांनी स्वतः चिमूट धरली, थांबले, सोडली. त्या दिवसापासून हाच क्रम झाला.

मला वाटलं होतं की आता आप्पा कसंबसं पोटात ढकलतील. तसं काही झालं नाही. चांगलं जेवायचं हे त्यांचं व्रतच होतं आणि मीठ गेलं म्हणून ते मोडायला ते तयार नव्हते. ते थंडीचे दिवस होते. सुरतेच्या बाजारात हिरवा लसूण आणि पापडीच्या शेंगा आल्या होत्या. आप्पा लसणाची पात इतकी बारीक चिरत की ती भाजीत दिसायची नाही, फक्त जाणवायची. तीळ आधीच्यापेक्षा थोडे जास्त वेळ भाजत, अगदी करपायच्या आधी उतरवत. लिंबू आधी पिळायचे ते आता जेवताना, प्रत्येक घासावर दोन थेंब. वांगं तेल लावून नाही, तसंच कोरडं भाजत, म्हणजे त्याचा धुरकट वास टिकतो. कामरेजच्या बाजूच्या शेतावर ज्वारीचा पोंक भाजत, तो कोवळा हुरडा आणून ते नुसताच चावून चावून खात आणि म्हणत, "याले मीठ लावतस ते लोक येडा शेत." मी एकदा हट्टाने त्यांच्या ताटलीतलं खाऊन पाहिलं. पहिला घास फिका लागला. तिसऱ्या-चौथ्या घासाला वांग्याची गोडी लागली, जी मी आयुष्यभर वांगी खाऊनही कधी चाखली नव्हती.

पण माझं खरं आश्चर्य वेगळंच होतं. आधी मिठाचा अंदाज घेऊन आप्पा स्वतः तीच भाजी खात, तेव्हा हात चुकला तर त्यांना कळलं असतं. आता ते आम्हाला वाढत त्यातला एक कणही त्यांच्या जिभेवर जात नव्हता. तरी मीठ तंतोतंत. मी विचारलं, "आप्पा, कळतं कसं?"

"हात देखस," ते म्हणाले.

मला वाटलं स्वतःचा हात. पण ते आमचे हात बघत. पहिल्या दोन घासांनंतर कोणाचा हात पाण्याच्या तांब्याकडे गेला तर मीठ जास्त. लोणच्याकडे गेला तर कमी. कुठेच गेला नाही तर बरोबर. आम्ही जेवत असू आणि आप्पा आपली ताटली मांडीवर घेऊन आमच्या हातांकडे बघत बसत. कुठलाच हात कुठे गेला नाही की मग ते आपला पहिला घास घेत.

एकदा चलथाणच्या रांगेत बनवारीने गंमत केली. आप्पा दह्याचं भांडं बघायला केबिनमध्ये चढले तेवढ्यात त्याने त्यांच्या ताटलीत मीठ मिसळलं. मगनभाई ओरडेपर्यंत आप्पा येऊन बसलेही होते. त्यांनी घास तोंडात घातला आणि थांबले. इतक्या दिवसांनी मीठ. त्यांनी डोळे मिटले. रांगेतले लोक बघत होते. मला वाटलं आता गिळतील, एक घास गिळला तर काय होतं. त्यांनी उठून बाजूला जाऊन तो घास थुंकला, चूळ भरली, परत आले आणि ताटली बनवारीपुढे सरकवली.

"ले. तेरा नमक है, तू खा."

आवाजात राग नव्हता. म्हणूनच बनवारीला ते लागलं. तो ती सगळी ताटली मुकाट्याने जेवला. आप्पांनी पुन्हा पीठ घेतलं, पुन्हा भाकरी थापली आणि कच्च्या कांद्याबरोबर खाल्ली. पुढच्या खेपेला बनवारीने त्यांच्यासाठी गावाकडून काचरीची पूड आणली, तिकडच्या रानातल्या आंबट फळाची. म्हणाला, "इसमें नमक नहीं है. माँ से पूछ के लाया हूँ." आप्पांनी तिला पेटाऱ्यात नवी खाच पाडून दिली.

होळीच्या आधी आम्ही पुन्हा त्याच दवाखान्यात गेलो. मगनभाईही आला होता, बाहेर बाकावर बसून राहिला. डॉक्टरांनी पट्टा गुंडाळला. फुगा दाबला. मी भिंतीकडे बघत होतो. डॉक्टरांनी पट्टा सोडला आणि पुन्हा गुंडाळला, पुन्हा दाबला.

"काका," ते म्हणाले, "आपने क्या किया?"

"जो आपने बोला था, साहेब. मीठा बंद."

या वेळी आप्पा हसले. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली, गाडी चालवायला हरकत नाही अशी. वर म्हणाले, गोळ्या चालू ठेवा, आता थोडंसं मीठ घेतलंत तर चालेल. बाहेर मगनभाईने चिठ्ठी हातात घेतली, वाचता येत नसूनही बराच वेळ बघितली आणि डोळे पुसले. दुपारी कचेरीत शेठने ती टेबलाच्या काचेखाली ठेवली आणि आप्पांसाठी चहा मागवला. आप्पांनी तो बिनसाखरेचाच प्यायला. सवय झाली होती.

त्या दिवशी पापडीची भाजी होती. मी पातेलं उतरवलं आणि सरळ मीठ टाकायला आप्पांच्या पुढे धरलं. आता चालणार होतं ना. आप्पांनी माझ्याकडे पाहिलं.

"मनं काढं का?"

"डॉक्टर म्हणाले ना, थोडं चालेल."

"डाक्टरले चालस," आप्पा म्हणाले. "माले आते वांगानी चव समजस, पापडीनी चव समजस. मीठ टाकीसन ती परत झाकू का?"

मी त्यांची ताटली भरली. मग त्यांनी आमच्या भाजीवर चिमूट धरली.

पुढच्या वर्षी मला धुळ्याला बी.एड.ला प्रवेश मिळाला. आप्पा म्हणाले, एस.टी.ने कसाले जास, मी जाईच राहिनू. मी माझी पत्र्याची ट्रंक आणि स्टोव्ह घेऊन त्यांच्या गाडीतून गेलो. वाटेत सोनगडच्या अलीकडे मोहाच्या झाडाजवळ जेवलो. त्या दिवशी स्वयंपाक मी केला. आप्पांची ताटली काढली, मीठ टाकलं आणि मगनभाईचा हात बघत बसलो. हात कुठेच गेला नाही. आप्पांनी एकदा मान हलवली आणि आपला पहिला घास घेतला. त्याहून मोठं प्रशस्तिपत्र मला नंतर कोणी दिलं नाही.

धुळ्यात त्यांनी मला वसतिगृहाच्या वळणावर उतरवलं. गाडी पुढे सरकली, वळली. आरशाच्या दांड्याला मटकीचं फडकं झुलत होतं, कडेने मोड बाहेर डोकावत होते. ते दिसेनासं होईपर्यंत मी ट्रंक उचलली नाही.

नोकरी लागल्यावर मी त्यांना कचेरीच्या पत्त्यावर पत्र पाठवलं. नव्या क्लार्कने ते वाचून दाखवावं म्हणून अक्षर मोठं काढलं होतं. त्याची नक्कल मी ठेवली आहे.

"तीर्थरूप हिलाल आप्पा यांना साष्टांग नमस्कार.

तुमच्या आशीर्वादाने मी इकडे नवापूरजवळच्या एका शाळेत शिक्षक म्हणून रुजू झालो आहे. मगनभाईला नमस्कार सांगा. त्याचं गाव इथून जवळच आहे.

खोली घेतली आहे. स्टोव्ह तोच आहे. मागच्या आठवड्यात आई-वडील पहिल्यांदा राहायला आले. वडिलांनी येताना गिरणीवरचं ज्वारीचं पीठ आणलं होतं. मी भाकरी आणि भरीत केलं. आईने मला चुलीजवळ बसलेलं कधी पाहिलं नव्हतं, ती दारातच उभी राहिली. चव न घेता मीठ घातलं. पहिला घास उंबऱ्याबाहेर ठेवला. मग दोघांचे हात बघत बसलो. आई पाण्याकडे गेली नाही. वडील लोणच्याकडे गेले नाहीत. मग मी जेवलो.

आप्पा, शाळेचं फाटक हमरस्त्यावरच आहे. तुमची गाडी इथूनच जाते. मधल्या सुट्टीत मी फाटकाशी येऊन बघतो. नंबर बघत नाही, फडकं बघतो. थांबवा एकदा. चलथाणचं दही असेल तर आणा, नसेल तरी चालेल.

रोज भाजी उतरवली की आधी एक ताट काढून ठेवतो. मग मीठ घालतो.

आपला,
बी.ए."